दिवेआगरच्या पुळणीवर चुना वेचताना

येरमाळ्याच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत उभे होतो तेव्हा एका पिशवीत आमचे कपडे होते आणि बाकी सगळ्या पिशव्यांत खाणं. धपाटे, शेंगाची चटणी, कुंथलगिरीचे पेढे. "समुद्रावर चाललोय का पंगत वाढायला?" असं आमचे हे म्हणाले. पण आत्यांना बाहेरचं चालत नाही, हे त्यांना काय ठाऊक! आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही दोघी एका चुलीवर आहोत.

नाताळच्या सुट्टीतली ही सहल पुण्याच्या धाकट्या जावेनं, वैशालीनं, ठरवली होती. रिसॉर्ट तिनं शोधलं, गाडीही तिचीच. आमच्या गावच्या येडेश्वरी देवीला येणाऱ्या भक्तांच्या जिवावर आमचं नारळ-कुंकवाचं दुकान चालतं. ते बंद ठेवून फिरायला जायची आम्हाला सवय नाही. तरी पोरांच्या हट्टापायी निघालो.

पुण्यात पोचल्यावर वैशालीनं चहा दिला. आत्यांनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "झाक झालाय गं."

माझ्या चहाला आजवर त्यांनी कधी झाक म्हटलेलं नाही. पितात आणि कप खाली ठेवतात. मी आतल्या आत जळले. तेवढ्यात वैशाली त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आत्या, आता परत जायचं नाही. आमच्याजवळच राहायचं."

"बघू," आत्या म्हणाल्या. "आधी समिंदर तर बघू दे. निघताना सांगते."

झालं, माझा जीव टांगणीला लागला. घरात आत्या नाहीत, सकाळी देवीच्या नावानं पुटपुटणारं कुणी नाही, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून टोकणारं कुणी नाही, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

ताम्हिणी घाट उतरलो आणि माती तांबडी झाली. घराघराच्या अंगणात विहीर. आत्या काचेला नाक लावून म्हणत होत्या, "आगं, पाणी बघ की कसं वर आलंय, वाकून भांडं बुडवावं!" आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येईपर्यंत हंडे रांगेत उभे असतात. मला त्या विहिरींचाही हेवा वाटला. त्या दिवशी मला सगळ्यांचाच हेवा वाटत होता.

दिवेआगरला घरांच्या मागे सुपारीच्या वाड्या (तिकडे बागेला वाडी म्हणतात), त्यामागे सुरूचं बन आणि बनापलीकडे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा पोरं ओरडत धावली. आत्या मात्र जागीच थबकल्या आणि त्यांनी हात जोडले. मग वैशालीचा हात धरून पाण्यात उतरल्या. लाट आली की दोघी किंचाळायच्या. मी काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळत उभी होते. चला म्हणून मला कुणी म्हटलं नाही, असं लिहिणार होते. पण वैशालीनं दोनदा हाक मारली होती. मीच गेले नाही.

संध्याकाळी घोडागाडीत बसलो. आत्यांशेजारी वैशाली, मागे मी आणि पोरांचे ओले कपडे. गाडीवाला बोलका होता.

"आजी, सूनबाई हौशी आहे हो तुमची!"

"व्हय, लई हौशी," आत्या म्हणाल्या.

आणि मी कोण? कपड्यांची पिशवी?

जेवायला एका घरगुती खानावळीत गेलो. तिथल्या काकूंनी उकडीचा मोदक फोडून त्यावर तूप ओतलं आणि म्हणाल्या, "आजी, संकोच नको हां." ज्यांना बाहेरचं चालत नाही त्या आत्यांनी मोदकांवर यथेच्छ ताव मारला, वर वाटीभर सोलकढीही घेतली. माझे धपाटे खोलीवर तसेच पडून होते. शेवटी ते मीच खाल्ले, रागारागानं. आमचे हे त्या फुगवलेल्या लांबट बोटीवरून पाण्यात पडले आणि चष्मा घालवून आले, त्यामुळे माझा चेहरा पाहून विचारपूस करणारंही कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. सकाळी ओहोटी होती. ओल्या वाळूवर पांढऱ्या शिंपल्यांचे तुकडे पसरले होते. आत्या चालता चालता वाकल्या, एक तुकडा उचलला, कपाळाला लावला. मग दुसरा.

येरमाळ्याच्या माणसाला पांढरा खडा दिसला की हात आपोआप खाली जातो. चैत्रातल्या यात्रेत देवीची पालखी आमराईकडे निघते, तेव्हा वाटेवरच्या चुन्याच्या रानात जो तो चुनखडीचे पाच खडे वेचतो आणि ढिगावर टाकतो. आत्यांनी पाच तुकडे वाळूत ठेवले. मीही पाच वेचले आणि त्यांच्यावर टाकले. पोरं आली. फिरायला आलेली एक अनोळखी बाई थांबली.

"आजी, किल्ला करताय का?"

"न्हाय बाई, चुना येचतोय. तुमी बी टाका पाच."

त्या बाईनंही टाकले. वैशाली मात्र अख्खे, रंगीत शिंपले निवडून पर्समध्ये भरत होती.

"आगं, ते घरी कशाला?" आत्या म्हणाल्या. "ढिगावर टाक. आपलं म्हणून ठिवायचं नसतंय."

मी गालातल्या गालात हसले. वैशालीचा चेहरा पडला.

"मला कसं कळणार, आत्या? मला कधी कुणी नेलंय का? चैत्रात मी पुण्यात बसून फोनवर फोटो बघते. तुम्ही आणि ताई हात धरून ढिगापाशी उभ्या असता. खरं सांगू, ताईंचा हेवा वाटतो मला."

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं, चांगलंच बरं वाटलं.

पण तो आनंद औटघटकेचा ठरला. आत्यांनी तिच्या पर्समधले शिंपले तिच्याच हातानं ढिगावर टाकायला लावले आणि म्हणाल्या, "मग आसं करू. चैतापतोर म्या हिच्याकडं ऱ्हाते. चैतात हिला संगं घिऊनच येते चुना येचाय." मग माझ्याकडे वळल्या. "तू हायेस म्हणून घराचा घोर न्हाय मला."

भरतीचं पाणी ढिगाच्या पायाला लागलं होतं. आम्ही तिघी बघत उभ्या राहिलो.

पुण्यात मी चटणीची बरणी आणि पेढे वैशालीच्या ओट्यावर ठेवले, आत्यांच्या पाया पडले आणि एसटीत बसले. आमचे हे बिनचष्म्याचे, घाटाच्या गप्पा मारत होते. समुद्र छान होता, मोदक छान होता, हे सगळं आता कबूल करायला हरकत नाही.

चार दिवसांनी सकाळी दुकान उघडत होते तोच वैशालीचा फोन आला. तो मी लगेच उचलला नाही. आधी कुंकवाच्या पुड्या नीट रचल्या.

"ताई, आत्यांचा गुळाचा चहा सारखा फाटतोय हो. आणि केला तरी त्या अर्धा कप तसाच ठेवतात. तुम्ही कसा करता?"

मी सांगितलं. गूळ उकळताना टाकायचा नाही, गॅस बंद करून शेवटी टाकायचा. दूध कोमट असावं. सगळं नीट सांगितलं.

फक्त कुटलेली बडीशेप टाकते, तेवढं सांगितलं नाही. आपलं म्हणून काही ठेवायचं नसतं, हे मलाही ठाऊक आहे. चैत्रात टाकीन ढिगावर.