चुडावा स्टेशनवर थांबलेली गाडी

देशाच्या इतिहासात जिची नोंद कुठेही झालेली नाही, अशा एका अत्यंत गंभीर कारवाईची माहिती मी आज पूर्ण शुद्धीत जाहीर करीत आहे. ऐकणाऱ्यांनी सावधान उभं राहायची गरज नाही. बसूनच ऐका.

साल १९७०, हिवाळा. मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये नाईक होतो, वायरलेस ऑपरेटर. आम्हा चौघांना दोन सेट देऊन परभणी जिल्ह्यात पाठवलं. आमचे प्रमुख सुभेदार वाघमारे, चारठाण्याचे. मोजकं बोलणारा माणूस. सेटवर ठरलेल्या शब्दांबाहेर एक अक्षर जास्त गेलं तर आम्हाला पंचवीस दंड काढायला लावायचे.

लोकरीच्या पोत्यांत लपवलेला गांजा रेल्वेने पुढे जात होता. आधी प्रत्येक खात्याने दुसऱ्याला न सांगता छापा घातला होता. माल सापडला, मालक निसटला आणि मजुरीवर पोती वाहणारा बिरा धनगर तुरुंगात गेला. म्हणून दिल्लीहून हुकूम आला, की यापुढे सगळ्यांनी मिळून काम करायचं. पोलीस अटक करणार, रेल्वेवाले पार्सल उघडणार, अबकारीवाले माल ताब्यात घेणार आणि पंचनाम्याला महसूलचे साहेब हजर राहणार. चौघंही जागेवर असल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. आम्ही फक्त बोलायचं. एक सेट पूर्णेच्या डाकबंगल्यात मोठ्या साहेबांपाशी, दुसरा चुडावा स्टेशनवर आमच्यापाशी.

सकाळी सव्वादहा. पोलीस हजर, रेल्वेवाले हजर, अबकारीवालेही हजर. तिघंही साध्या वेशात, तिघांच्याही पायात सरकारी बूट. महसूलचे साहेब मात्र सोनपेठहून एस.टी.ने निघाले होते आणि एस.टी. कुठे होती ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

फलाटाच्या कडेला बिराची बायको सखूबाई उभी होती. पोतीवाल्याचा चेहरा तिने एकटीने पाहिला होता. घरी राखायला कोणी नव्हतं, म्हणून साठेक शेळ्याही घेऊन आली होती.

दहा चाळीसला पॅसेंजर आली. थांबा दोन मिनिटांचा. सहा पोती ब्रेकव्हॅनमध्ये चढली. काळी टोपी घातलेला एक माणूस तिसऱ्या वर्गाच्या डब्यात शिरला.

"ह्योच त्यो," सखूबाई म्हणाली. "सुबेदारसायेब, धरा की!"

सुभेदारांनी तिघा अधिकाऱ्यांकडे पाहिलं. तिघांनी रस्त्याकडे पाहिलं.

मी सेटवर विचारलं, "महसूल पोचले नाहीत. पुढे जायचं का? ओव्हर."

"निगेटिव्ह. चौघं पूर्ण होऊ द्या. ओव्हर."

गार्डने हिरवा झेंडा काढला.

"गाडी गेली तर माझा मालक सुटंल का?" सखूबाईने विचारलं.

"अवघड हाय, बाई."

"मंग थांबवा तिला."

"आमाला अधिकार न्हाई."

"आन मला?"

सुभेदारांनी बेल्ट नीट केला. "शेळ्या कुठं चारायच्या, त्येच्याबद्दल आमच्या ऑर्डरमधी काई लिवलेलं न्हाई."

सखूबाईने एकच आरोळी दिली. साठ शेळ्या फलाटावरून उतरून इंजिनापुढे रुळांवर पसरल्या. ड्रायव्हरने शिट्टी वाजवली, तशा चार शेळ्या तिथेच बसल्या.

"ए बाई, हटव ती जनावरं!" ड्रायव्हर ओरडला.

"मुकं जनावर हाय, दादा. माझं आयकंना गेलंय!" सखूबाई म्हणाली आणि डावीकडची शेळी उजवीकडे हाकलली.

पोर्टर धावला, गार्ड धावला. शेळ्यांना हे फारच आवडलं. हा संयुक्त प्रयत्न अठरा मिनिटं चालला. काळ्या टोपीवाला दोनदा खाली उतरला. दोन्ही वेळा सरकारी बुटांचे तीन जोड त्याच्यामागे सरकले आणि तो पुन्हा आत जाऊन बसला.

अकरा वाजता एस.टी. आली. महसूलचे साहेब फाईल डोक्यावर धरून धावत आले. चौघं पूर्ण. सहाही पोत्यांत गांजा निघाला. पावत्या टोपीवाल्याच्या खिशात सापडल्या आणि पोत्यांत काय आहे ते न सांगता बिराला आपणच कामाला लावलं होतं हे त्याने तिथेच कबूल केलं.

सखूबाईने टाळी वाजवली नाही. पदराने तोंड पुसलं आणि शेळ्या मोजल्या. आठवड्याभरात बिरा सुटला. दोघं नवरा-बायको आम्हाला दुधाची कासंडी देऊन गेले. त्या दुधाचा झाला तसा चहा मी पुन्हा प्यालो नाही.

पुढच्या वर्षी, १९७१च्या डिसेंबरात लढाई लागली. पश्चिम सीमेवर तोफांच्या माऱ्यात तुटलेली टेलिफोनची लाईन जोडायला सुभेदार वाघमारे स्वतः गेले. लाईन दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी चालू झाली. ते परतले नाहीत.

दरवर्षी डिसेंबरात मी त्यांचं नाव मोठ्याने घेतो. डोळ्यांसमोर मात्र सीमा येत नाही, चुडाव्याचा फलाट येतो. पूर्णेहून मोठे साहेब विचारतायत, "शाबास! गाडी कोणत्या खात्याने रोखली? रिपोर्टमध्ये लिहायचंय. ओव्हर." चारही अधिकारी एकदम पुढे सरसावतात. आणि नियमाबाहेर अक्षर न बोलणारे सुभेदार माझ्या हातातून माईक हिसकावून ओरडतात:

"साहेब, इथं शेळ्यांशिवाय कुणीच काही केलेलं न्हाई! ओव्हर!"