लिंब म्हणजे कुठला

कोपरीच्या ठमाबाई पालेभाजी विकायच्या. नौपाड्यातल्या बायका त्यांच्याकडून भाजी घ्यायच्या आणि घरी जाऊन त्यांच्या नाकाबद्दल सांगायच्या. हाताला लागेल ते पान ठमाबाई चुरगळून नाकाशी नेत. मेथीची जुडी कालची की आजची, हे त्या डोळे मिटून ओळखत. नवरा काळुराम मिठागरावर कामाला होता. तो म्हणायचा, "हिला बाजारात न्यावं तं दर दुकानाशी उभी राहते."

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सिंधी कुटुंबं येऊन राहिली. तिथे हिरवा भाजीपाला चांगला खपतो असं कळल्यावर ठमाबाई आठवड्यातून दोनदा पाटी घेऊन कॅम्पात जाऊ लागल्या. एकोणपन्नास सालच्या पाडव्याआधी चार दिवस ईश्वरीबाई नावाच्या बाईने त्यांना बराकीच्या दारात थांबवलं. लारकान्याहून आलेली, तिशीची, शांत बोलणारी बाई.

"मीठा नीम है?" तिने विचारलं.

ठमाबाई गोंधळल्या. नीम म्हणजे कडुलिंब हे त्यांना ठाऊक होतं, पण तो गोड कसा असेल? दिवसभर त्या हाच विचार करत होत्या. मग त्यांना वाटलं, पाडवा आलाय, आपणही कडुलिंब गुळाबरोबर खातो, तसंच यांचं असेल. पुढच्या खेपेला त्यांनी कडुलिंबाची कोवळी, तांबूस पानांची मोठी जुडी नेली. ईश्वरीबाई पाण्याच्या रांगेत होती, म्हणून जुडी तिच्या नवऱ्याकडे दिली आणि त्या पुढे गेल्या.

त्या दिवशी ईश्वरीबाईकडे माणसं जेवायला होती. घर सुटल्यापासून पहिल्यांदाच कढी होणार होती. डोळ्यांनी अधू झालेल्या सासूने चाचपून डहाळी उचलली आणि मूठभर पानं फोडणीत ओरबाडून टाकली. पातेलंभर कढी कडू झाली. पाहुण्यांनी भात लोणच्याशी खाल्ला.

त्याच दिवशी परतताना हे कळलं तेव्हा ठमाबाई पाटी खाली ठेवून उंबऱ्याशीच बसल्या. चूक झाली हे दिसतच होतं, पण कशी झाली ते त्यांना कळेना.

"उरली का थोडी?" त्यांनी विचारलं.

ईश्वरीबाईला वाटलं, बाई थट्टा करते. पण तिने तळाची राहिलेली कढी वाटीत आणून दिली. ठमाबाईंनी ती चाखली. कडू तर होतीच, पण त्यांचं लक्ष भलतीकडेच गेलं.

"ह्यात ताक नाय?"

"बेसन. इमली," ईश्वरीबाई म्हणाली. "भिंडी भी."

"ताक नाय, तरी कढी म्हंता?" ठमाबाईंनी आणखी एक घोट घेतला. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "कढीत घालायचा? त्यो कढीलिंब. माझ्या परसात हाय त्यो."

दुसऱ्या दिवशी, खेपेचा दिवस नसताना, त्या मुद्दाम कढीलिंबाच्या डहाळ्या घेऊन कॅम्पात गेल्या. ईश्वरीबाईने पान चुरगळलं, वास घेतला आणि पदर डोळ्यांना लावला. मग सासूच्या नाकाशी पान धरलं. म्हातारी सिंधीत बरंच काही बोलली.

"काय म्हंती?"

"कहती है, ये बाई को रोटी खिलाओ."

ठमाबाई जेवूनच परतल्या. त्या जेवणात त्यांनी बेसनाची कढी कशी करतात ते विचारून घेतलं. बेसन तेलात खमंग होईपर्यंत भाजायचं, मगच पाणी, आणि चिंच शेवटी, हे त्यांनी घरी करून पाहिलं. काळुरामने दोनदा भात मागून घेतला, पण तिला कढी म्हणायला तो तयार झाला नाही.

ईश्वरीबाईला दारात झाड हवं होतं. कढीलिंबाच्या बुंध्याभोवती पिलं फुटतात. ठमाबाईंनी त्यातलं एक उपटून नेलं, ते वाळलं. दुसरंही वाळलं. तिसऱ्या वेळी त्यांनी माती उकरून पाहिलं, तर पिलाला स्वतःचं मूळच नव्हतं. ते आईच्या मुळावर जगत होतं. मग त्यांनी कोयत्याने मधलं मूळ तोडलं, पण पिलू जागचं हलवलं नाही. महिना-दीड महिन्याने त्याला तंतुमुळं फुटली तेव्हा मातीच्या गोळ्यासकट उचललं. ते जगलं. पावसाळ्यात काळी पिकलेली फळं बुलबुलांच्या आधी गोळा करून, गर धुऊन, बिया त्याच दिवशी पेरायच्या हेही त्यांना असंच कळलं. डब्यात आठ दिवस राहिलेली बी उगवली नाही.

बराकीतल्या इतर बायका रोपं मागू लागल्या. ठमाबाई तुपाच्या रिकाम्या डब्यांत रोपं करून नेत. घेणारीला आधी पान चुरगळून वास घ्यायला लावत. वास न घेता नेते म्हटलं की डबा परत पाटीत जायचा.

रेल्वेच्या बंगल्यांवर दौलत नावाचा माळी होता. त्याने एकदा ठमाबाईंना हाक मारली. साहेब विलायतेला परतला होता आणि मडमेच्या कुंड्या मागे राहिल्या होत्या. त्यातल्या एकीत राख फासल्यासारखं चंदेरी, बारीक सुईसारख्या पानांचं झुडूप होतं.

"हा विलायती कढीपत्ता," दौलत म्हणाला. "मडम करीचं झाड म्हणायची."

उन्हात त्या झुडपाला खरोखरच शिजलेल्या रश्शाचा वास येत होता. ठमाबाई कितीतरी वेळ कुंडीशी बसून राहिल्या. झाडाला मसाल्याचा वास कुठून आला असेल? त्यांनी एक फांदी घरी नेली आणि तेल तापवून पानं टाकली. वास क्षणभर आला आणि उडाला. खाली राहिला तो लोकरीसारखा चोथा. जिभेवर कडवटपणा.

दुसऱ्या दिवशी त्या दौलतला म्हणाल्या, "खायाचा नाय ह्यो. नुस्ता हुंगायचा. कुनाच्या भाजीत घालू नको." एका कडू कढीचा अनुभव त्यांना पुरे झाला होता. दौलतने ती कुंडी त्यांनाच देऊन टाकली. जूनच्या पावसात झाड बुडापासून सडलं. ठमाबाईंना वाईट वाटलं, कारण त्याला फूल कसलं येतं ते पाहायचं राहून गेलं.

नौपाड्यात विमलाबाई नावाच्या शिक्षिका त्यांच्याकडून भाजी घेत. मुलींच्या शाळेत त्या शास्त्र शिकवायच्या. चोपन्न सालच्या भाद्रपदात ठमाबाईंनी त्यांना विचारलं, "बाई, कडुलिंब नि कढीलिंब भाऊ-भाऊ का?"

"पानं तशीच दिसतात. असतील."

"मना नाय वाटत."

"का?"

ठमाबाईंनी पाटीतून पानात गुंडाळलेली हिरवीगार अळी काढली. काडीने डिवचल्यावर अळीने डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सोडला. "ही माझ्या कढीलिंबावर असते. लिंबूच्या झाडावरपन हीच. कडुलिंबावर पाच वर्सं बघतंय, कवाच नाय. म्हंजे कढीलिंब लिंबूचा सोयरा असंल."

विमलाबाई हसल्या नाहीत. त्या आत जाऊन जाड पुस्तक घेऊन आल्या आणि पायरीवर बसून पानं उलटू लागल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "लिंबू, संत्रं आणि कढीलिंब एकाच कुळातले. कडुलिंब वेगळ्या कुळातला." मग त्यांनी कढीलिंबाचं पान उजेडाकडे धरून ठमाबाईंना दाखवलं. पानभर सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके होते. तेलाचे. दारातल्या कागदी लिंबाच्या पानातही तसेच. पाटीतल्या कडुलिंबाच्या पानात एकही नव्हता.

ठमाबाईंनी तिन्ही पानं आळीपाळीने उजेडाकडे धरून पाहिली.

पुढच्या आठवड्यात विमलाबाई शाळेच्या तीस मुलींना घेऊन कोपरीला ठमाबाईंच्या परसात आल्या. ठमाबाईंनी प्रत्येकीला पान चुरगळायला लावलं. मुली निघाल्या तरी विमलाबाई मागे रेंगाळल्या, कारण ठमाबाईंनी देवळामागच्या बेलाकडे बोट दाखवलं होतं.

"तिथंपन दिसली मना ती अळी," त्या म्हणाल्या. "बाई, पुस्तकात बेलाचं काय लिवलंय?"