परत केलेला भंडारा

२२ नोव्हेंबर १९७९, गुरुवार. शाळा सुटल्यावर मी परसात बसून तवा घासत होते. भाकरीचा नव्हे, मिसरीचा. विटेचा तुकडा, राख आणि नारळाची शेंडी असं सगळं घेतलं होतं, तरी बुडाचा काळा थर निघत नव्हता. त्या तव्यावर वर्षानुवर्षं तंबाखू भाजलेली. वास लोखंडात मुरला होता.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीतले साहेब आमचं गाव बघायला येणार होते. गावातल्या बायकांनी मिसरी सोडली की नाही, हे ते बघणार होते. सोडली असेल तर गाव मिसरीमुक्त ठरणार होतं, वेशीवर तसा बोर्ड लागणार होता आणि आमच्या आळीला हातपंप मिळणार होता. म्हणून आळीत घरोघरी तवे घासणं चाललं होतं. मिसरी सोडणं जमलं नव्हतं, तवे घासणं जमण्यासारखं होतं.

आमचं गाव मुरगूडपासून थोडं आत. ऊस थोडा, तंबाखू जास्त. त्या दिवसांत रानातली तंबाखू कमरेला लागायची आणि शेंडे खुडून आलेल्या बायकांची बोटं चिकाने काळी झालेली असायची. पाल्याचा चुरा फुकट मिळे. तो तव्यावर करपेपर्यंत भाजायचा, कुटायचा, डबीत भरायचा आणि सकाळी उठल्यावर बोटानं दातांना, हिरड्यांना चोळत बसायचं. आळीतल्या बायका त्यासाठी आमच्या परसात जमत, कारण मिसरी भाजावी तर माझ्या थोरल्या जावेनं, असं सगळ्यांचं मत होतं. मी त्यांना आक्का म्हणे. मी कोल्हापूर शहरातून लग्न होऊन आलेली, शाळेत शिकवणारी, पांढऱ्या दातांची. घरात मला मिसरी लावायचा आग्रह कधी झाला नाही, चेष्टा मात्र रोज झाली. पण हेही सांगते, बायकांना दिवसातला तेवढाच वेळ स्वतःचा मिळे. बोट तोंडात असताना कुणी काम सांगत नसे.

आक्का आज नाहीत. असत्या तर हे लिहू दिलं नसतं.

ही योजना उन्हाळ्यात आली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी देवळासमोर पडदा लावून चित्रं दाखवली. गालाच्या आत पांढरा चट्टा, मग जखम, मग गाठ. बायकांनी पदर तोंडाला लावला. डॉक्टर म्हणाले, "भीती दाखवायला आलो नाही. चट्टा दिसला की लगेच या, एवढंच सांगायला आलो." साहेबांनी त्याला हातपंपाची जोड दिली. सगळ्या बायकांची मिसरी सुटली पाहिजे, एकही राहता कामा नये, असं ते स्वच्छ बोलले.

डॉक्टर निघून गेल्यावर सरपंचांना राहवलं नाही. आमच्याकडे निवडणूक असो की भाऊबंदकी, शब्द पक्का करायचा तर भंडारा उचलायचा. बिरोबाच्या पुढ्यातली हळद चिमटीत घ्यायची, कपाळाला लावायची आणि बोलायचं. मग तो शब्द माणसाला दिलेला राहत नाही, देवाला दिलेला होतो. सरपंचांनी परात मागवली आणि बायकांना रांगेनं उभं केलं. एकेक जण भंडारा उचलून म्हणाली, "आजपासनं मिसरीला हात लावणार न्हाय." मीही उचलला. मला त्यात सोडायचं काहीच नव्हतं.

आठवडाभर गावातल्या बायका चिडचिड करत हिंडल्या. कुणाचं डोकं दुखायचं, कुणाला पोट साफ होत नव्हतं. मग एकेकीनं पुन्हा सुरू केलं, पण परसात नाही. गोठ्यात, उसाच्या कडेला, नदीवर धुणं आपटताना. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कुणी कुणाला विचारत नव्हतं. आक्कांनीही गोठ्यात डबी ठेवली होती, गव्हाणीच्या मागे.

दिवाळीत माझ्या लक्षात आलं की आक्का मिरचीचा खर्डा खात नाहीत. ज्या बाईला खर्ड्याशिवाय भाकरी गोड लागत नसे, ती दुधात भाकरी कुस्करून गिळत होती. मी विचारलं तर म्हणाल्या, तोंड आलंय. तोंड येऊन जातं, हे गेलं नाही.

त्या गुरुवारी तवा घासता घासता मी त्यांना म्हटलं, "आक्का, उजेडाकडं या. तोंड उघडा बघू."

"तवा घास तू. माझ्या तोंडात काय ठेवलंय?"

"तेच बघायचंय."

त्या उंबऱ्यावरून उठून आल्या. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि चट्ट्याच्या मधोमध जखम, कडा उचललेल्या. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलेलं दुसरं चित्र. मी बोटानं चाचपलं तर कड कडक लागली.

"उद्या डॉक्टर येणारच आहेत साहेबांबरोबर. त्यांना दाखवू."

"येडी का खुळी तू? भंडारा उचललाय मी. मोडला म्हणून तर बिरोबानं तोंडात मारलंय. आता त्येच तोंड सायबाम्होरं उघडू?"

"देवानं नाही मारलं. चित्र बघितलंत की तुम्ही."

"आणि पंप? माझ्या एकटीपायी पंप गेला तर आळी मला जित्ती ठेवंल व्हय? त्यापरास ह्ये बरं."

आळीतल्या बायका पाण्याला नदीवर जात. आक्काही जात होत्या, दोन घागरी घेऊन. पंप त्यांनाही हवा होता. तवा पुसून मी भिंतीला उभा केला. भाकरीच्या तव्यासारखा दिसत होता.

साहेब शुक्रवारी दहाच्या सुमारास जीपनं आले. बायका धुतलेली लुगडी नेसून देवळासमोर उभ्या होत्या. राखुंडी आणि लिंबू लावून दात खरवडलेले. साहेब रांगेतून चालले आणि कोपऱ्यावरच्या घरातल्या काकूंसमोर थांबले. काकू म्हणजे आळीचं तोंड. त्यांच्यापुढे सरपंचही हळू बोलत.

"मावशी, दात दाखवा जरा."

"हायत ते दोनच. त्ये बी तुमच्या म्होरं काढू व्हय?"

सगळे हसले. साहेबही हसले आणि पुढे गेले. दात बघणं तिथंच संपलं. मग डॉक्टरांनी मोठ्यानं विचारलं, "कुणाच्या तोंडात जखम, चट्टा, गाठ? तिखट सोसत नाही असं कुणी?" कुणी बोललं नाही. आक्का रांगेत नव्हत्या. म्हैस व्यायला आली म्हणून गोठ्यात थांबल्या, असं थोरल्या दिरांनी परस्पर सांगितलं. ते पंचायतीत होते.

साहेब सरपंचांकडे चहाला गेले. डॉक्टर शाळेच्या दारातल्या रांजणावर हात धुवायला आले. मी तांब्यानं पाणी घातलं.

"बाई, एवढ्या गावात एकही नाही?" त्यांनी विचारलं. "योजना यायच्या आधी याच गावातल्या दोघी माझ्याकडे आल्या होत्या. बोर्डाचं बोलणं निघाल्यापासून एकही आली नाही."

"एखादी निघाली तर?"

"पंप कदाचित जाईल. तो माझ्या हातात नाही."

"आणि नाही निघाली तर?"

"तर तिला उशीर होईल. आत्ता कोल्हापूरला नेलं तर काही करता येतं. पुढच्या उन्हाळ्यात मी काही करू शकणार नाही." हात पुसून ते चहाला गेले. त्यांनी नाव विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आक्कांचं तोंड आक्कांनीच उघडायला हवं होतं.

चहा पिऊन साहेबांनी गाव पास केलं. सरपंचांनी त्यांना फेटा बांधला. पेंटर सोमवारी येणार असं ठरलं.

दुपारी मी थोरल्या दिरांना आक्कांच्या गालाचं सांगितलं. त्यांच्यासमोर उभी राहून मी फारशी बोलत नसे. ते घाबरले, हे मला दिसलं. पण म्हणाले, "पंप बसू दे. मग ने तिला."

"पंप कधी बसेल?"

"शिमग्यापर्यंत बसंल की."

म्हणजे चार महिने. मी परत आत आले. आक्कांना दवाखान्याची भीती नव्हती, हे मला एव्हाना कळलं होतं. दिरांचीही नव्हती. त्या अडकल्या होत्या भंडाऱ्यात. मी कितीही समजावलं तरी ती गाठ सुटणारी नव्हती. ती जिथं बांधली तिथंच सोडवायला हवी होती.

शाळेची मुलं गेल्यावर मी देवळात गेले. पुजारी समया पुसत होते. मी विचारलं, "मामा, उचललेला भंडारा परत ठेवता येतो का?"

"कुणी उचललाय?"

"ते राहू दे. येतो का?"

त्यांनी समईची वात नीट केली. "येतो की. कबूल केलं आन् झेपलं न्हाय, तर देवाला तसं सांगायचं. देव काय कचेरीतला कारकून हाय व्हय, एकदा लिवलं म्हंजे खोडायचं न्हाय? पर सांगायला आपल्या पायानं यायला पायजे. दुसऱ्यानं येऊन चालत न्हाय."

मी घरी जाऊन आक्कांना एवढंच सांगितलं. त्या भांडी घासत होत्या. मग हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि गोठ्यात गेल्या. आल्या तेव्हा मुठीत डबी होती.

दिवेलागणीला आम्ही देवळात उभ्या होतो. पुजाऱ्यांनी परात पुढे केली. आक्कांनी आधी डबी पायरीवर ठेवली, मग चिमटीभर भंडारा घेतला, कपाळाला लावला आणि परातीत परत सोडला. माझ्या अपेक्षेपेक्षा त्या मोठ्यानं बोलल्या.

"देवा, मला जमलं न्हाय. मी लावत हुते, चोरून लावत हुते. तुझं तुला दिलं. आता मला डाक्टरकडं जाऊ दे."

मागे खोकल्याचा आवाज आला. कोपऱ्यावरच्या काकू तेलाची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"झालं? घालवलास पंप?" त्या आक्कांना म्हणाल्या.

"घालवला."

"लई श्याणी. उन्हाळ्यात घागर तू आणून देणार हाईस मला?"

"आणीन. जगले तर आणीन."

काकूंनी वाटीतलं तेल समईत ओतून परातीत हात घातला. "जरा सर बाजूला," त्या आक्कांना म्हणाल्या, "माझा बी ठेवते. नुस्तं दोन दातांपायी किती खोटं बोलायचं माणसानं?"

त्या पंपाचं काय झालं, असं लोक अजून विचारतात. त्या वर्षी तो आला नाही. साहेबांची बदली झाली, बोर्ड रंगलाच नाही. पंप पुढे दुसऱ्याच कुठल्या योजनेतून बसला, त्याचा मिसरीशी काही संबंध नव्हता. आळीनं आक्कांना बोल लावले, काही महिने लावले, आणि मग त्याच आळीतल्या बायका एकेक करून मला विचारू लागल्या, कोल्हापूरला कुठल्या एसटीनं जायचं. आक्कांच्या गालाचा तुकडा काढावा लागला. त्यानंतर त्या पाच वर्षं जगल्या. त्यातली चार त्यांनी खर्डा खाल्ला.

पण ते सगळं पुढचं. त्या संध्याकाळी देवळातून आल्यावर मी थोरल्या दिरांना म्हटलं, "सकाळी आक्कांना घेऊन जाते. भाकऱ्या करून ठेवते, आमटी तेवढी गरम करून घ्या."

"मी शिमग्यानंतर म्हटलं हुतं," ते म्हणाले.

"ऐकलं मी. विचारत नाही, सांगते आहे."

त्यांनी उठून खुंटीवरच्या कोटातून एसटीच्या भाड्याचे पैसे काढले आणि आक्कांच्या पुढ्यात ठेवले.

शनिवारी सकाळी मी भाकऱ्या थापल्या, हेडमास्तरांच्या घरी रजेचा अर्ज दिला आणि आक्कांना घेऊन फाट्यावर गेले. काकू आमच्या आधीच येऊन बसल्या होत्या. "दाखवून तर येते," म्हणाल्या, "येवढी काय चाललीया ऐट तुमची." पहिल्या गाडीनं आम्ही कोल्हापूरला उतरलो आणि सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपुढे रांगेत उभ्या राहिलो. आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

आक्कांनी पदर बाजूला करून गाल दाखवला.

"मिसरी लावता?"

"लावत हुते," आक्का म्हणाल्या. "कालपातूर."

"गाव?"

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीत वाकून कालच मिसरीमुक्त ठरलेल्या आमच्या गावाचं नाव सांगितलं.