सिलिंडरवर बसलेला माणूस

साठच्या दशकात आमच्या तेल कंपनीत मी स्टोव्ह विभागात होतो. घाटकोपर-मुलुंडच्या घरोघरी जायचं, वातीचा स्टोव्ह पेटवायचा, बायकांना त्यावरचा चहा पाजायचा; की रॉकेल खपलंच. माझा जोडीदार गोराईचा, ख्रिश्चन. देह असा, की तो होडीत एका बाजूला बसला तर दुसऱ्या बाजूला अख्खं वऱ्हाड बसवावं लागे.

कंपनीचाच गॅस विभाग आमची गिऱ्हाइकं पळवायचा. म्हणून चहा उकळेपर्यंत हा पठ्ठ्या सिलिंडर फुटल्याची नक्कल करायचा. "वहिनी, बॉम्ब आहे तो!" म्हणत धाडकन् आडवा पडायचा. घाटकोपरच्या एका चाळीत त्याच्या पडण्याने खालच्या मजल्यावरची घड्याळं बंद पडली. खोटं वाटत असेल तर चाळीत विचारा.

मग वरून हुकूम आला: स्टोव्ह विभाग बंद. गॅसची गिऱ्हाइकं आणेल तो राहील, बाकीचे घरी. जोडीदाराच्या घरी खाणारी तोंडं उदंड. त्याने हातातला स्टोव्ह खाली ठेवला.

"वाट लागली रे! सगळ्या घाटकोपरला मीच घाबरवून ठेवलंय."

तरी सिलिंडर खांद्यावर टाकून आम्ही त्याच चाळीत गेलो. दारातच एक आजी कडाडल्या, "मेल्या, बॉम्ब घरात आणतोस?"

"तो जुना, आजी. हा सुधारलाय."

कोणी हसेना. तेव्हा याने सोबत आणलेली गॅसची शेगडी पेटवली आणि सरळ सिलिंडरवरच बैठक मारली.

"आता फुटला तर आधी कोण जाईल, सांगा!"

"तू आडवा झालास तर चाळ जाईल!" आजी म्हणाल्या. "बस तसाच. चहा होईस्तोवर हलू नकोस."

चहा झाला, मग तीन मजल्यांचा झाला, मग कुणीतरी पुरणाची डाळही शिजवून घेतली. हा बसलेलाच. शेवटी आजींनी फर्मान काढलं, "गॅस घेऊ. पण रोज सकाळी पेटवायला हाच येणार."

चाळीचं पाहून आजूबाजूच्या इमारतींनीही तीच अट घातली. कंपनी त्याला काढणार कशी? निम्मं घाटकोपर उपाशी राहिलं असतं!

गिऱ्हाइकं सगळी त्याच्या नावावर लागली; मला मात्र घरी पाठवलं. शेवटच्या दिवशी आजींनी गॅसवरचा चहा दिला.

"कसा झालाय रे?"

"झकास," म्हणालो. पण त्याला रॉकेलचा वास नव्हता. तो वास असलेला चहा मला पुन्हा कुठे मिळाला नाही.