गुण आला तर?

शिवणखान्यात तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने तशीच, आणि तोंड उघडलं की टोचायचीच. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा धाकट्या बहिणीने आपलं एक दिलं, म्हणून ती जगली. तेव्हापासून मास्क लावून काजं-बटणं करायची. शेजारी कोणी शिंकलं की हातातलं काम टाकून उठायची, मुकादमाने कितीही डोळे वटारले तरी.

त्या थंडीत खोकल्याची साथ आली आणि धाकटी काढा घेऊन आली. प्रतिकारशक्ती वाढवणारा, कसल्याकसल्या मुळ्या आटवलेला. सगळ्यांना पाजून झाल्यावर तिने काठोकाठ भरलेला पेला ताईपुढे धरला.

"मी नाही घेणार."

"अगं, झाडपाल्याचं आहे. गुण नाही आला तरी अपाय कसला?"

"गुण आला तर? त्याचीच भीती आहे मला."

"सख्ख्या बहिणीला नाही म्हणतेस?" इस्त्रीवाल्या काकू मध्ये पडल्या. "जिने पोटातलं काढून दिलं तिला?"

धाकटीचे डोळे भरून आले. "माझं मूत्रपिंड चाललं, काढा तेवढा चालत नाही होय?"

जगाशी भांडणारी टाचणी, पण धाकटीपुढे कायम नमतं घ्यायची. घेतलेल्याने आणखी काय करायचं? प्यावा एक घोट आणि मिटवावं, असं वाटलंही. पण तिने पेला बाजूला सारला.

"ऐक. माझ्या अंगाला तुझं मूत्रपिंड अजून परकंच वाटतं. त्याच्यावर तुटून पडू नये म्हणून रोज गोळ्या घेऊन मी माझी प्रतिकारशक्ती दाबून ठेवते. तुझा काढा तिलाच उठवायचा. डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय घोटभरही नाही."

"आम्हाला नाही ते काही झालं?" काकूंनी विचारलं.

"तुमच्या पोटात तुमचंच आहे, काकू." मग ती धाकटीकडे वळली. "रुस, वर्षभर बोलू नकोस. पण तू दिलेलं मी कुणालाही मारू देणार नाही. तुलासुद्धा."

धाकटीने पेला मोरीत ओतला, घासला आणि पाण्याने भरून पुन्हा पुढे धरला.

"उकळलेलं आहे का?" टाचणीने विचारलं.

"आहे गं बाई!" धाकटीने डोळे पुसले. "आधी मीच पिऊन दाखवू?"

"नको. उष्टंही चालत नाही मला," टाचणी म्हणाली आणि एका दमात पेला रिकामा केला.