हरभऱ्याएवढी गोळी

तिसरीच्या वर्गात तेराचा पाढा चालला होता, तेव्हा हुसेनभाई शाळेच्या दारात आले. चाकणला आमच्या शेजारीच त्यांचं बैलगाड्यांची चाकं दुरुस्त करायचं दुकान आहे. वहाणा बाहेर काढून ते उंबऱ्याशी उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "बाई, घरी चला. अण्णा उठत नाहीत." मी म्हटलं, झोपू द्या की, किती दिवसांत धड झोपलेला नाही तो. हुसेनभाईंनी पोरांना हातानंच घरी जायची खूण केली. मग मला कळलं. त्याला आता दीड महिना झाला.

अण्णा माझा थोरला भाऊ. बाजारातला कांदा गाडीत भरून तळेगावच्या स्टेशनावर पोचवायचा. एकदा उतारावर भरली गाडी उलटली आणि चाक कमरेवरनं गेलं. हाड जुळलं, दुखणं राहिलं. कुणीतरी अफू दिली, आणि महिन्याभरानं अण्णा पहिल्यांदा हसला. देव पावला, असं मीच म्हटलं होतं. कसला देव... पुढं अफू सुटेना. हात थरथरायचे, म्हणून रोज सकाळी गोळी वळून द्यायचं काम माझ्याकडे आलं. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. बारा वर्षं वळली. डोळे मिटून वळली असती.

मी पडले मास्तरीण. दुसऱ्याला वळण लावायची खोड. सरकारी परवान्यावर मिळणारी अफू दर साली कमी होत चालली होती, आणि "बाईंचा भाऊ अफीणबाज" हे ऐकून माझे कान किटले होते. "एकदाची सोड," मी म्हटलं, "मनावर घेतलं की सगळं होतं." तो म्हणाला, "शांते, मन न्हाई गं मागत, अंग मागतंय." मला ती सबब वाटली. गेलेल्या आईची शपथ घालून मी त्याला मागच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. ऐन उन्हाळ्यात तो गोधडी पांघरून कुडकुडत होता. उलट्या, जुलाब, नाकाडोळ्यांतून पाणी, पाय नुसते झाडायचा. मी दाराबाहेर तांदूळ निवडत बसायचे आणि मन घट्ट कर, मन घट्ट कर, म्हणायचे. हुसेनभाई एकदा म्हणाले, "डॉक्टरला दाखवू या, बाई. आजारच आहे हा." मी म्हटलं, चारचौघांत शोभा कशाला?

वीस दिवसांनी अण्णा आपल्या पायांनी अंगणात आला. गावभर पेढे वाटायचे तेवढे मी बाकी ठेवले. पण कमरेचं दुखणं कुठं गेलं होतं? अफूखाली दडलेलं ते आता उघडं पडलं. दोन दिवस तो भिंतीला टेकून बसला. ना जेवला, ना आडवा झाला. तिसऱ्या दिवशी मी सकाळच्या शाळेला निघाले, तर त्यानं पदर धरला. "आजच्याला एकच दे. आईला मी सांगतो काय ते." थोरल्या भावाच्या डोळ्यांतलं पाणी मला बघवेना. अफूची पितळी डबी माझ्याच ट्रंकेत होती. काढली, गोळी वळली, दिली. नेहमीचीच. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता बरं वाटंल. जा तू, पोरं वाट बघत असतील."

पिंपरीहून डॉक्टर आले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "अफू सुटली की अंगाची सवय मोडते. मग जुनं माप विष होतं. ही कुणाच्या तरी देखरेखीखाली, थोडी थोडी कमी करत सोडवायची असते." हे मला आधी कुणी सांगितलं नाही, असं म्हणायचीही सोय नाही. मी विचारलंच कुणाला होतं? पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहतोय म्हणतात. राहू दे. आमच्या घरात एका माणसाला आजारी म्हणायला बारा वर्षं पुरली नाहीत.

डबी हुसेनभाईंनी मला न विचारता नदीत टाकली. खोलीची कडीही उचकटून नेली. बरं केलं. पण रोज सकाळी भाकरीचं पीठ मळायला बसते आणि काय होतं कळत नाही... बोटं आपसूक परातीच्या काठाला लागलेल्या पिठाची गोळी वळतात. ती मी चिमण्यांना टाकते. उद्या नाही वळायची, असं रोज म्हणते. आणि रोज ती हरभऱ्याएवढीच होते.