फुलपात्रावरचा चमचा

लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात लताताई फीच्या पावत्या फाडायच्या. त्यांच्या टेबलावर पालथ्या फुलपात्रावर कायम एक चमचा ठेवलेला असे. किल्लारीच्या भूकंपानंतर कित्येक घरांत लोक अशीच भांड्यावर भांडं रचून निजायचे. भांडी वाजली की बाहेर पळायचं. पुढं बाकीच्यांची सवय मोडली, ताईंची मोडली नाही. नवी पोरं हसायची. हसोत बापडी, त्यांनी ती पहाट पाहिली नव्हती.

त्या दिवशी नांदेडचा उद्धव जुने कॉम्प्युटर दाखवायला आला. जाड पुस्तकाएवढे डबे, ऑफिसच्या कामाला पुरेसे आणि स्वस्त. ताईंना त्यांचं लहान असणंच आवडलं. अंगावर पडले तरी जीव जायचा नाही.

उद्धवनं एक डबा टेबलावर ठेवून चालू केला. आतला जुना पंखा घरघरला, टेबल थरथरलं आणि चमचा वाजायला लागला.

खुर्ची पाडून ताई दाराकडं धावल्या, तर उद्धव त्यांच्याही आधी, अनवाणी, बाहेर पळत होता.

अंगणात दोघं धापा टाकत उभे राहिले. वरच्या वर्गात पोरं निवांत गणितं सोडवत होती.

"पंख्यानं टेबल हललं, ताई," उद्धव कसाबसा म्हणाला. "रोज चालू करतो मी ह्या मशिनी. पण भांडं वाजलं अन्..."

"गाव कोणतं तुमचं?"

"सास्तूर. किल्लारीच्या जवळचं."

आत चमचा वाजतच होता. डबा बंद करायला आधी कोण जाणार, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.